घसरायला जागा हवी

कुंभार्ली घाटातलं एखादं अरुंद यू-वळण घ्या. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, २,४५० मिलिमीटर. त्या वळणात मागचा अ‍ॅक्सल पाच मीटर त्रिज्येनं फिरला, तर अर्धं वर्तुळ पुरं होईपर्यंत तो १५.७ मीटर चालतो. पुढच्या चाकांची वाट बाहेरून जाते, त्यामुळे त्यांना तेवढ्याच वळणात साडेसतरा मीटर जावं लागतं. एका वळणात पावणेदोन मीटरचा फरक पडला.

गाडी टू-व्हीलवर असेल तर या फरकानं काही बिघडत नाही. इंजिनाचा जोर फक्त मागे जातो, पुढची चाकं आपापली मोकळी फिरतात. लिव्हर ‘फोर एच’ला, म्हणजे चारही चाकांवर, टाकला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी पक्का जोडते. आता दोघांना सारख्याच गतीनं फिरणं भाग आहे. मग ते पावणेदोन मीटर जाणार कुठे?

लाल चिखलात, वाळूत, सुट्या खडीवर टायर थोडा थोडा घसरतो आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो. सुक्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो. मग सगळा फरक शाफ्टमध्ये, गिअरमध्ये, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये पीळ होऊन साठतो. वळणामागून वळण घ्याल तसा पीळ वाढतो. फोर बाय फोर गाडीबद्दल मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच, की चारही चाकं जोडायची ती चाकांना घसरायला जागा असेल तिथेच. माझं गॅरेज चिपळूणला आहे आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या ज्या फोर बाय फोर माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याचशा दुखण्यांचं मूळ हे एवढंच असतं.

पुण्याकडून घाट उतरून आलेला एखादा तरुण सांगतो, “काका, स्टेअरिंग एकदम जड झालंय आणि वळताना गाडी झटके मारतेय.” मी विचारतो, “फोरमध्ये कधी टाकली होती?” उत्तर ठरलेलं, “कऱ्हाड सोडलं तेव्हाच. पाऊस होता ना.” त्याच्या मनात काळजीच होती, म्हणून मी त्याला बोल लावत नाही. पण ओलं डांबर म्हणजे चिखल नव्हे. ओल्या डांबरालाही टायर बऱ्यापैकी धरतो आणि घाटातली वळणं तर एकाला एक लागून येतात. दरड कोसळून माती रस्त्यावर आली असेल तर तेवढ्या पट्ट्यापुरतं फोर एच लावा आणि पुढे गेल्यावर काढा. आणखी एक गैरसमज मला फार धोक्याचा वाटतो. फोर-व्हीलमुळे ब्रेक लवकर लागतो, हा. तसं होत नाही. चढायला आणि निघायला ती मदत करते, पण गाडी थांबवते ती टायरची पकड, आणि ती होती तेवढीच राहते.

पीळ बसला की लिव्हर अडकतो. टू एचला, म्हणजे टू-व्हीलवर, येतच नाही. अशा वेळी लोक लिव्हरला लाथ घालतात आणि आतला शिफ्टिंग फोर्क वाकवून बसतात. खरा उपाय फुकटचा आहे. गाडी रिव्हर्समध्ये हळूहळू काही मीटर मागे घ्या, शक्य असेल तर ज्या वळणानं आलात त्याच वळणानं. पीळ उलटा सुटतो आणि लिव्हर हातानं सहज येतो. मागे जागा नसेल तर एका बाजूची दोन्ही चाकं रस्त्याकडेच्या मातीवर उतरवून थोडं सरळ पुढे न्या. बटणाच्या गाडीत दिवा लुकलुकत राहतो आणि टू-व्हील लागत नाही, तेव्हाही हेच करायचं.

हे सगळं पार्ट-टाइम फोर-व्हीलचं झालं. जुनी जीप, जिप्सी, थार, जिम्नी याच जातीच्या. १९७०ची रेंज रोव्हर घ्या किंवा रशियाची लाडा निवा, त्यांच्यात पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवरच्या दोन डिफरन्शियलखेरीज ट्रान्सफर केसमध्ये मधला तिसरा डिफरन्शियल असतो. तो पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देतो, म्हणून त्या गाड्या डांबरावरही कायम चारही चाकांवर चालतात. तुमची कुठली, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. चालत्या गाडीत टू एचमधून फोर एच किती वेगापर्यंत टाकायचं तेही तिथेच असतं. गाडीगणिक ते वेगळं आहे, म्हणून माझ्या किंवा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

घसरण्याचाच नियम टायरलाही लागतो. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, असं काटकसरीपायी पुष्कळजण करतात. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर आणि जुन्याची तीन उरली असेल, तर त्रिज्येत पाच मिलिमीटरचा फरक पडतो. थारच्या अठरा इंची रिमच्या टायरला कागदावरच्या हिशेबानं हा फरक एका किलोमीटरला बारा-तेरा मीटरपर्यंत जातो, म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ बसत राहतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि शक्य तेवढे सारखे झिजलेले ठेवा. स्टेपनीही फेरीत घ्या.

आता फोर एल, म्हणजे लो. लोक याला उगाच घाबरतात. थारच्या लोमध्ये गती २.४८ पटींनी कमी होते आणि चाकांवरचा जोर त्याच पटीत वाढतो. चिखलाच्या चढावर फोर एचमध्येच अर्धा क्लच दाबून गाडी रेटत राहिली की क्लचप्लेट जळते. तो वास एकदा आला की कोणी विसरत नाही. तिथे गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबून लो टाकायचा आणि मग क्लच पूर्ण सोडून पायी चालण्याच्या वेगानं चढायचं. उतारालाही लोचा पहिला गिअर टाका, क्लचवरून पाय काढा, उतरण्याचं काम इंजिन करतं. वाढलेला हा जोर शेवटी अ‍ॅक्सललाच सोसावा लागतो. जुन्या विलीज जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये म्हणूनच एक बारीक कुलूप होतं. पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नसे. तो सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येऊ नये, ही त्यामागची योजना. माझे वडील आयुष्यभर महिंद्राच्या जीप उघडत आले आणि त्या कुलपाबद्दल ते कायम आदरानं बोलत.

सगळ्यात महागडी मोडतोड मात्र रुतलेल्या गाडीत होते. फोर-व्हील लावली म्हणजे चारही चाकं सारखी ओढतील असं वाटतं. पण प्रत्येक अ‍ॅक्सलच्या मधोमध बहुतेक वेळा साधा डिफरन्शियल असतो आणि तो ज्या चाकाला अडथळा कमी त्याच्याकडे गती सोडून देतो. एक चाक हवेत गेलं की दुसरं थांबतं आणि हवेतलं दुप्पट वेगानं फिरतं. काट्यावर चाळीस दिसतं तेव्हा ते चाक ऐंशीनं फिरत असतं. डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर एका पिनवर फिरतात. ते खरं तर वळणापुरते, सावकाश फिरण्यासाठी बनवलेले असतात. मिनिटभर असं भणाणत फिरवलं की तेल बाजूला फेकलं जातं, पिन तापते आणि ओरखडते. त्याहून वाईट घडतं ते नंतर. वेगानं फिरणारं चाक अचानक दगडाला टेकतं आणि एका क्षणात सगळा धक्का अ‍ॅक्सलवर, डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियन गिअरवर येतो. स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर पुढचा जॉइंट आधीच सर्वांत वाकड्या कोनात असतो, मग तोच तुटतो.

म्हणून चाक फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. खाली उतरा. चाकापुढची माती कोयत्यानं, फावड्यानं मोकळी करा, दगड-फांद्या घाला, चाकं सरळ करा. मग लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, हलका पाय ठेवा. दहा मिनिटं जातील, पण अ‍ॅक्सल वाचेल. नव्या जिम्नीसारख्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते. तिथे पाय हलका पण स्थिर ठेवावा लागतो. घाबरून मध्येच पाय काढला तर ती मदतही थांबते.

जिप्सीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पुढच्या चाकांच्या मधोमध हातानं फिरवायचे हब असतात. एकच हब लॉक केला आणि दुसरा विसरला, तर डिफरन्शियल सगळी गती मोकळ्या बाजूला सोडतो आणि पुढची चाकं काहीच ओढत नाहीत. चिखलात शिरण्याआधी दोन्ही हब हातानं तपासा.

आणि पाणी. २२ जुलै २०२१च्या पुरात आमचं चिपळूण बुडालं. त्यानंतर गॅरेजात आलेल्या गाड्यांच्या अ‍ॅक्सल हाऊसिंगमधून ऑइल निघालं ते दुधाच्या चहासारखं. एवढा पूर लागतो असं मात्र नाही. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, हाऊसिंगवरच्या ब्रीदर नळीतून पाणी आत ओढलं जातं. ओढ्यात शिरण्याआधी गाडी थोडी थंड होऊ द्या. ब्रीदरला लांब नळी लावून ती बॉनेटखाली उंच बांधून घ्या, हे काम कोणताही मेकॅनिक थोडक्यात करून देतो. समुद्रकिनाऱ्यावर मात्र गाडी नेऊच नका. खारं पाणी सील, बेअरिंग आणि ब्रेक सगळ्यांनाच खातं, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची घरटी असतात. तिथे चाक फिरवणाऱ्याची कुठलीही सबब मी ऐकणार नाही.

पाण्यातून आलेली गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी मेकॅनिककडून ड्रेन प्लग जरा सैल करून घ्या. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी बाहेर येतं. तेल बदलताना नावाकडे नीट बघा. डिफरन्शियलला जीएल-५ लागतं, कारण क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत फिरतात. तेच तेल काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाही, म्हणून तिथे जीएल-४ असतं. ट्रान्सफर केसला तर काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं. एकाच डब्यातून सगळीकडे भरणाऱ्याला थांबवा. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस निप्पल असेल तर पाण्यानंतर ग्रीस मारून घ्या, आतलं पाणी त्याबरोबर बाहेर येतं.

वर्षभर लिव्हरला हातच न लावणंही बरं नाही. कोकणच्या दमट हवेत लिव्हरचे सांधे गंजतात आणि पुढच्या डिफरन्शियलच्या वरच्या भागाला तेल पोचत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर सरळ फोर एचमध्ये चालवा.

जुनी फोर बाय फोर विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला मोकळ्या मातीच्या मैदानात घेऊन जा. फोर एच, फोर एल दोन्ही टाकून पाहा, परत टू एचला सहज येतं का ते पाहा. गाडीखाली वाकून प्रोपेलर शाफ्ट हातानं हलवा, क्रॉस ढिला असेल तर खटखट कळते. मग डिफरन्शियलचा ड्रेन प्लग काढायला लावा. बऱ्याच गाड्यांत त्याला चुंबक असतं. त्यावर मऊ राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा लागला, तर ती गाडी घेऊ नका.