चूल न पेटवलेला रविवार

तेंदूपत्ता तोडणी सुरू होण्याआधीचा रविवार होता. घरच्यांसाठी वरण-भात पहाटेच करून ठेवला होता. पण आमच्या पाच ताटांत मात्र चुलीवरचे काहीच नव्हते. एटापल्लीतल्या आम्ही चार मैत्रिणी आणि आमच्यापैकी एकीची मुलगी, अशा पाच जणींनी त्या दिवशी सगळे कच्चेच खायचे ठरवले होते. दूध, दही, अंडी, मध यांपैकी काहीही घ्यायचे नव्हते.

कारण घडली ती मुलगी. नागपूरच्या वसतिगृहात राहून ती शिकते. मोबाईलवर पाहून तिने ठरवले, की यापुढे शिजवलेले अन्न बंद. आईचा जीव खालीवर झाला, कारण गेल्या हिवाळ्यात तपासणीत तिचे हिमोग्लोबीन नऊच निघाले होते. रागावून पोरी ऐकत नाहीत. म्हणून मी म्हटले, "चल, एक दिवस आम्हीही तुझ्यासोबत खातो."

ताट चांगले सजले. मोड आलेली मटकी आणि मूग, काकडी, गाजर, टमाटर, कांदा, कोथिंबीर, वर लिंबू पिळलेले. भिजवलेल्या शेंगदाण्यांची हिरवी मिरची घालून वाटलेली चटणी, ओले खोबरे, कैरीच्या फोडी. जंगलातली टेंभरे आणि चारेही होती. पहिला घास सगळ्यांनाच आवडला. दुपारी मात्र एकीचे पोट मोडांमुळे फुगले आणि चार वाजता सगळ्यांनाच भाताची आठवण झाली!

शेजारच्या आजी हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरींनो, आमीबी कच्चं खाल्लं. पण ते हौसेनं नाही. घरात दाणा नसे, म्हणून रानातल्या फळांवर दिवस काढले." हे ऐकून मुलगी गप्प झाली. ज्यांनी पोटभर शिजलेल्या अन्नासाठी आयुष्यभर राबून काढले, त्यांच्यासमोर अन्न सोडण्याची भाषा जपूनच करावी लागते.

हे खूळ आजचे नाही. झुरिकच्या डॉ. बिर्चर-बेनर यांनी १९०४ साली आपल्या आरोग्यधामात रुग्णांना कच्ची फळे-भाज्या देणे सुरू केले. दूध-अंडीही वर्ज्य मानणाऱ्यांची व्हेगन सोसायटी १९४४ साली इंग्लंडमध्ये निघाली. आपल्याकडे गांधीजींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. पण हगवण लागल्यामुळे काही महिन्यांतच तो त्यांना सोडावा लागला.

मग कच्चे खाणे वाईट का? तसे मुळीच नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतले 'क' जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून ते कच्चेच खावेत. वरण आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायलाही तेच मदत करते. पण तांदूळ, डाळी शिजल्यावरच नीट पचतात. गाजरातला 'अ' जीवनसत्त्वाचा अंश शिजवल्यावर शरीराला अधिक मिळतो. 'ब-१२' जीवनसत्त्व तर वनस्पतींतून मिळतच नाही. ते अंडी, मासे, मटण, दुधात असते. हे सगळे सोडणाऱ्याला त्याची गोळी घ्यावीच लागते. जर्मनीत मुख्यतः कच्चे खाणाऱ्यांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. तीत ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित किंवा बंद झालेली आढळली.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. रानातले सगळेच कच्चे खाता येत नाही. कडू कंदाचे काप करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवूनच आदिवासी बंधू-भगिनी ते खातात. कच्चे खाल्ले तर घसा जळतो, उलट्या होतात. लाखोळीच्या डाळीतल्या विषाने, ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. तिला मोड आणून कच्ची खाऊ नये. शिजवतानाही आधीचे पाणी फेकावे. राजमाही कच्चा खाऊ नये. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हे शहाणपण मोबाईलवर मिळत नाही.

संध्याकाळी आम्ही पुन्हा बसलो. अंगणवाडी सेविका असलेल्या मैत्रिणीने मुलीला विचारले, "तुला तब्येत सुधारायची आहे, की नुसते वेगळे काही करायचे आहे?" ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "मावशी, मला वर्गात चक्कर येते. मला बरे व्हायचे आहे." खरे दुखणे ते होते. पोर अन्नाच्या हट्टामागे आपला अशक्तपणा लपवत होती, आणि आई तिच्या हट्टाशीच भांडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी ग्रामीण रुग्णालयात गेल्या. रक्त तपासले, सिकलसेलचीही तपासणी करून घेतली. तो दोष निघाला नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्यांना सिकलसेल आहे, ज्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आहेत, त्यांनी असे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नयेत. लहान मुलांवरही करू नयेत.

आता त्या घरात रोज जेवणात एक वाटी कच्चे असते: स्वच्छ पाण्याने धुतलेली काकडी, मुळा, टमाटर, लिंबू. सोबत वरण, भाजी, भात आणि उकडलेले अंडे. मुलगी सगळे खाते. भगिनींनो, आपली लेक ताटावरून उठून जाऊ लागली, तर रागावण्याआधी तिला एकदा विचारा, "बाळ, तुला बरे वाटते ना?"