पॉलिहाऊसचे पडदे: ऋतुमानानुसार निगा

नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसमध्ये पंखे नसतात; आतले हवामान बाजूच्या पडद्यांवर अवलंबून असते.

उन्हाळ्यात पडदे दिवसभर उघडे ठेवावेत, दुपारी आतील शेडनेट ओढावी. तापमान ३५ अंशांपुढे गेल्यास ढोबळी मिरचीची फुले गळतात. फॉगर थोडा थोडा वेळच चालवावेत, पाने ओली राहू देऊ नयेत. एप्रिल-मेमध्ये मोठा धोका वळवाच्या वाऱ्याचा. वारा उघड्या बाजूने आत शिरला, की छतावरील फिल्म फुगून फाटते. त्यामुळे आभाळ भरून येताच वाऱ्याकडील पडदे आधी बंद करावेत. सैल झालेल्या स्प्रिंगा मार्चमध्येच बसवून घ्याव्यात. बहुतेक जण फिल्म फाटल्यावरच वर चढतात.

पावसाळ्यापूर्वी गटर साफ करावेत. झडीत पडदे सतत बंद ठेवण्याचा मोह होतो, पण कोंडलेल्या दमट हवेत गुलाब व जरबेऱ्याच्या फुलांवर करडी बुरशी येते. पावसाची उघडीप मिळताच हवा खेळू द्यावी.

हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वी पडदे बंद करावेत. सकाळी ऊन येताच थोडे उघडावेत, नाहीतर फिल्मच्या आतील बाजूस साचलेले पाणी पिकावर ठिबकत राहते. फिल्मवरील धूळही याच दिवसांत धुवावी, कारण तेव्हा प्रकाश उन्हाळ्यापेक्षा कमी असतो.