वेळ जातो तो खेपांत

जावात लिहिलेलं सॉफ्टवेअर रखडू लागलं की पहिला संशय जावावरच घेतला जातो. बहुतेकदा तो चुकीचा असतो. डेटाबेसशी सतत बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा वेळ आकडेमोडीत फारसा जात नाही. जातो तो उत्तराची वाट पाहण्यात.

१९९७ साली जेडीके १.१ बरोबर जेडीबीसी आलं आणि वेगवेगळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीने बोलण्याची सोय जावाला मिळाली. पण प्रत्येक क्वेरी नेटवर्कवरून जाते आणि उत्तर घेऊन परत येते. ही झाली एक खेप. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन यायला निदान १० मिलिसेकंद लागणारच. कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी त्यात सूट नाही.

आता समजा, स्क्रीनवर ५०० ऑर्डर दाखवायच्या आहेत, प्रत्येकीपुढे ग्राहकाचं नाव. डेटाबेसच्या नोंदी जावाच्या ऑब्जेक्टांत आणून देणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीत ‘लेझी लोडिंग’ असेल तर आधी फक्त ऑर्डर येतात. ग्राहकाची माहिती कोडने मागितली की तेव्हा वेगळी क्वेरी सुटते. ग्राहक सगळे वेगळे असतील तर एकूण क्वेरी ५०१! एक खेप एका मिलिसेकंदाची धरली तरी अर्धा सेकंद गेला. प्रोग्रॅमर या दुखण्याला ‘एन प्लस वन’ म्हणतात. कोडमध्ये ते एका साध्या ओळीआड लपतं. शिवाय डेव्हलपरच्या लॅपटॉपवर डेटाबेस त्याच मशीनवर असतो, नमुन्याच्या नोंदी जेमतेम दहा. तिथे ते जाणवतच नाही. दोन टेबलं जोडणारा जॉइन वापरून हेच काम एका क्वेरीत होतं.

खेपा आणखीही ठिकाणी दडलेल्या असतात. ऑरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर आपण काही सांगितलं नाही तर एका वेळी १० ओळी आणतो. दहा हजार ओळींना हजार खेपा! ही संख्या, म्हणजे फेच साइझ, ५०० केली की वीसच उरतात. नोंदी घालतानाही एकेक इन्सर्ट धाडण्यापेक्षा बॅच करावी.

नवं कनेक्शन उघडणंही महाग. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. म्हणून उघडलेली कनेक्शनं पूलमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा वापरतात. पूल जितका मोठा तितका वेग जास्त, हा समज मात्र खोटा आहे. डेटाबेसचे कोअर आणि डिस्क मोजकेच असतात. त्यापलीकडची कनेक्शनं नुसती गर्दी करतात. हिकारीसीपी या लोकप्रिय पूलची मूळ मर्यादा अवघी १० आहे.

नोंद चटकन सापडायला इंडेक्स हवाच. बी-ट्रीच्या एका पानात शेकडो किल्ल्या मावतात, त्यामुळे कोटभर नोंदींतली एक तीन-चार पानं उलटून सापडते. पण इंडेक्स लावूनही ५०१ खेपांच्या ५०१ च राहतात.

तेव्हा मोठ्या सर्व्हरची मागणी करण्याआधी हायबरनेटची आकडेवारी चालू करा आणि एक स्क्रीन उघडायला किती क्वेरी सुटतात, ते मोजा.