अलेक्झांड्रिया : एका दिवसाची सहल आणि न दिसणारं शहर



इतिहासाच्या पुस्तकात आपण अलेक्झांड्रियाचं नाव वाचतो. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक दीपगृह आणि प्राचीन काळचं सर्वांत मोठं ग्रंथालय इथे होतं. पण आज तिथे गेलात तर दोन्ही दिसणार नाहीत! मग कैरोहून रोज गाइडसोबत एवढे पर्यटक तिथे काय बघायला जातात? चला, समजून घेऊ.

इसवी सन पूर्व 331 मध्ये सिकंदराने हे बंदर वसवलं. कैरोपासून ते साधारण 220 किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघालं की तीनेक तासांत पोहोचता येतं आणि रात्री परतता येतं. म्हणूनच एकदिवसीय सहली इथे इतक्या चालतात.

1. कोम अश-शुकाफा. ही जमिनीखालची दफनभूमी. 1900 साली एका गाढवाचा पाय जमिनीत खचला आणि ती सापडली, अशी गोष्ट गाइड हमखास सांगतो. गोल जिन्याने खाली उतरलात की भिंतीवरचा अनुबिस नीट बघा. देव इजिप्तचा, पण पोशाख रोमन सैनिकाचा! बंदरात माणसं एकमेकांत कशी मिसळतात, ते या एका शिल्पात कळतं.

2. पॉम्पीचा स्तंभ. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा हा स्तंभ चौथऱ्यासह सुमारे 27 मीटर उंच आहे. पण नावावर जाऊ नका. पॉम्पी इसवी सन पूर्व 48 मध्ये मारला गेला आणि हा स्तंभ त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ उभा राहिला. चुकीचं नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

3. कायतबे किल्ला. प्राचीन दीपगृह शंभर मीटरहून उंच होतं. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी ते पार मोडकळीला आलं. त्याच जागेवर सुलतान कायतबेने 1477 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. 1994 नंतर पाणबुड्या संशोधकांना किल्ल्याजवळच्या समुद्रतळाशी प्रचंड मोठे दगड आणि पुतळे सापडले. म्हणजे तुम्ही तटावर उभे असता तेव्हा इतिहासाचा बराच भाग समोरच्या पाण्यात असतो.

4. नवीन ग्रंथालय. हे 2002 मध्ये सुरू झालं. जुनं ग्रंथालय एका रात्रीत जळून गेलं, असं सर्रास सांगितलं जातं. गोष्ट ऐकायला छान, पण इतकी सोपी नाही. सीझरच्या काळात आग लागली हे खरं, तरी ऱ्हास पुढे कित्येक पिढ्या चालू राहिला. राजाश्रय आटला, विद्वान गेले, जपणूक थांबली. ग्रंथालय केवळ आगीने मरत नाही, दुर्लक्षानेही मरतं.

याच ग्रंथालयाचा प्रमुख होता इरॅटोस्थेनिस. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी अस्वानला सावली पडत नाही, पण अलेक्झांड्रियात सूर्यकिरण 7.2 अंशांनी कलतात, यावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. 360 भागिले 7.2 म्हणजे 50. म्हणून दोन शहरांतल्या अंतराच्या 50 पट परीघ! साधन काय, तर सावली.

आपला काय संबंध? या बंदरातून रोमन साम्राज्याचा भारताशी व्यापार चालायचा. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या जुन्या सागरी वृत्तांतात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांचे उल्लेख आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती सापडली, तीही अशाच व्यापाराची खूण.

आता शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किल्ल्याभोवती आणि किनाऱ्यालगत काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे टाकलेले दिसतात. ते लाटांपासून बचावासाठी. समुद्राची पातळी वाढते आहे. कोम अश-शुकाफामध्येही भूजल शिरायचं. ते उपसण्याची यंत्रणा 2019 मध्ये पूर्ण झाली. दीपगृह भूकंपाने गेलं, तिथे माणसाचं काही चाललं नाही. पण उरलेलं टिकवणं बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

म्हणून मित्रांनो, कुठेही सहलीला गेलात, अगदी जवळच्या किल्ल्यावरसुद्धा, तर गाइडला तीन प्रश्न नक्की विचारा : इथे पूर्वी काय होतं? हे आपल्याला कशावरून कळलं? आणि जे उरलंय ते टिकवायला कोण काय करतंय? फोटो तर सगळेच काढतात. उत्तरं मात्र वहीत लिहून आणा!