आधी कुठे न्यायचे? खानदेशातील मेंदूविकारांचे उपचार

२०११च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ६३ लाख भरली. एमडीनंतर आणखी ३ वर्षांचा डीएम अभ्यासक्रम केलेले मेंदूविकारतज्ज्ञ देशातच कमी आहेत, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांत असतात. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८मध्ये सुरू झाले. तरीही लकवा मारलेल्या किंवा फिट आलेल्या रुग्णाला पहिल्यांदा तपासतो तो गावातला किंवा तालुक्याचाच डॉक्टर. पुढचे बरेच काही त्याच्या निर्णयावर अवलंबून असते.

लकव्यात हे सर्वांत ठळकपणे दिसते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. पहाटे तोंड वाकडे झालेले दिसले, तर घड्याळ रात्री झोपण्याच्या वेळेपासून धरावे लागते. इंजेक्शनपूर्वी सीटी स्कॅन हवाच. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तेच औषध जीव घेऊ शकते, आणि दोन्ही प्रकारचा लकवा बाहेरून सारखाच दिसतो. म्हणून स्कॅनआधी ॲस्पिरिनची गोळीही देऊ नये. घाईने रक्तदाब उतरवू नये. गिळता येते याची खात्री होईपर्यंत पाणी पाजू नये. रक्तातील साखर मात्र लगेच तपासावी, कारण साखर खूप घटली तरी हातपाय लुळे पडू शकतात.

चोपडा किंवा शिरपूरहून जिल्ह्याचे ठिकाण पन्नासेक किलोमीटरवर आहे. वेळ रस्त्यावर जातो त्याहून जास्त भलत्या दारांवर जातो: अंगावरून वारं गेलं म्हणून आधी मालिश, मग झाडपाला, मग सलाइन लावणारा पण सीटी नसलेला दवाखाना. १०८ला फोन करतानाच सीटी असलेल्या रुग्णालयात न्या असे सांगणे आणि त्या रुग्णालयाला आधी कळवणे, एवढ्यानेही मोलाची मिनिटे वाचतात. मोठी गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय मोठ्या केंद्रांतच असते. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, म्हणून नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवायचे तर तो निर्णयही लवकरच व्हायला हवा.

सगळाच लुळेपणा लकव्याचा नसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. इथे सर्पविषावरील प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास लागतो. कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण सावरल्यासारखा वाटतो आणि १ ते ४ दिवसांनी त्याची मान व श्वासाचे स्नायू ढिले पडतात. अशा रुग्णाला लवकर घरी सोडणे धोक्याचे आहे.

फिटच्या आजाराचा, म्हणजे अपस्माराचा, प्रश्न वर्षानुवर्षे चालणारा आहे. सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात, पण गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. मेंदूत फीतकृमीची गाठ हे आपल्याकडचे एक मोठे कारण. त्याची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परततात. महिन्याभराच्या गोळ्या त्यांना पुरणार कशा? चिठ्ठी लिहितानाच या मधल्या महिन्यांचा विचार व्हायला हवा. राज्याची आरोग्य विमा योजना २०१२मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत धुळे होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते, पण तिचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रोजच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळाल्या नाहीत, तर घरच्या पैशांतून घ्याव्या लागतात. आधीचे सीटी, एमआरआय आणि औषधांची चिठ्ठी एका फाइलमध्ये जपली तर तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्च टळतो, शिवाय दोन भेटींच्या मधल्या काळात व्हिडिओवरूनही सल्ला देता येतो.

मुलींच्या बाबतीत हा आजार लपवला जातो, आणि लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. अचानक औषध तोडले की एकामागून एक फिट येऊ शकतात. ५ मिनिटांत न थांबणारी फिट जिवावर बेतते. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर १९९९मध्ये काढून टाकला गेला, हे अजून पुष्कळ घरांना ठाऊक नाही. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते. म्हणून तरुण मुलीसाठी औषध निवडताना पुढच्या बाळंतपणाचा विचार आधीच करावा लागतो, आणि बदल करायचा तर तो दिवस राहण्यापूर्वी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू करावा लागतो.