झुंड : वस्तीला उभं करणारा फुटबॉल

'झुंड' हा नागराज मंजुळे दिग्दर्शित हिंदी क्रीडापट 4 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला. कथा आपल्या विदर्भातली, नागपूरच्या झोपडपट्टीतली. बुलढाण्याच्या प्रेक्षकाला ही माणसं परकी वाटत नाहीत.

चित्रपटाचा आधार खरा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात काही मुलं प्लास्टिकची बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यातूनच 2001 मध्ये 'स्लम सॉकर' या संस्थेचं काम सुरू झालं. पडद्यावर बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.

या वस्तीवरचं संकट भूकंप-पुरासारखं एका दिवसात कोसळलेलं नाही. गरिबी, व्यसन, चोऱ्यामाऱ्या आणि जातीचा शिक्का यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पोखरली आहे. कॉलेजचं मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि सगळी कथा त्या भिंतीभोवती फिरते.

सामना जिंकला म्हणजे प्रश्न सुटला, असं मंजुळे दाखवत नाहीत. परदेशातल्या स्पर्धेसाठी संघात निवड झाल्यावर खरी लढाई सुरू होते ती पासपोर्टची. रिंकू राजगुरूने साकारलेली आदिवासी मुलगी आणि तिचे वडील ओळखीच्या कागदांसाठी दारोदार फिरतात. हा भाग चित्रपटाचा कणा आहे.

मुलांना जायचं असतं बेघरांच्या विश्वचषकाला. ही स्पर्धा 2003 मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात सुरू झाली. छोट्या मैदानावर प्रत्येक संघाचे चार खेळाडू उतरतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात.

संघातली बरीच मुलं नागपूरचीच, अभिनयाचा अनुभव नसलेली. त्यांच्यापैकी अंकुश गेडाम याला पदार्पणासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.