लोखंडावरचा तांबेरा



उसावर तांबेऱ्याचा संशय आला की आपण पहिल्यांदा काय करतो? पान उलटे करून पाहतो. वरून हिरवेगार दिसणाऱ्या पानाच्या खालच्या अंगाला तपकिरी-नारिंगी फोड असतात, हे आपल्याला सांगावे लागत नाही. लोखंडाच्या तांबेऱ्याचे, म्हणजे गंजाचेही तसेच आहे. तोही खालून आणि आतून लागतो. पण गाडी घेताना आपण रंग बघतो, टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि विसार देऊन मोकळे होतो. गाडीखाली वाकून कोण बघतो?

हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात आपल्याकडची बरीच मंडळी नोकरीधंद्यानिमित्त आहेत. त्यांच्या ओळखीने तिकडची जुनी जीप जरा स्वस्तात मिळते. कोणाचा ट्रॅक्टर गळीत हंगाम संपल्यावर मातीकामाला किनाऱ्याकडे जातो. गाडी स्वस्त का मिळते आणि तिकडून आलेल्या ट्रॅक्टरचे काय करायचे, हे समजून घेतलेले बरे.

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि त्या मिठाने तिथल्या गाड्यांचे तळ खाऊन टाकले जातात. आपल्याकडे बर्फ नाही, पण समुद्र आहे. दुपारी खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात आणि लाटांच्या तुषारांतले बारीक मीठ बरोबर आणतात. चिंचणी, तारापूर, सातपाटी, केळवे या किनाऱ्यावरच्या गावांत याचा जोर जास्त. आत जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. त्यात भर म्हणजे खाजणातला चिखल, मिठागरांच्या वाटा आणि मासळीच्या पेट्यांतून गळणारे खारे पाणी.

आता कोणी म्हणेल, गंज तर पावसाळ्यात चढतो, हिवाळ्याचे काय? पावसाळ्यात हवा सर्वांत खारी असते हे खरे, पण पाऊस गाडीचा उघडा भाग धुऊनही काढतो. दिवाळीनंतर पाऊस थांबतो. मग रोज थोडे थोडे मीठ बसत राहते आणि धुणारे कोणी नसते. पहाटे दव पडते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते. डब्यातल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचेही क्षार असतात, ते त्याहून कोरड्या हवेतदेखील ओल धरतात. म्हणजे गाडी वरून कोरडी ठणठणीत, पण खाली चॅसीच्या खाचेत ओल कायम. आणि गाडीच्या तळाला पाऊस कधी नीट धूत नाही, त्यामुळे तिथे बारा महिने हिवाळाच!

बोईसरला आणखी एक भर आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने पुष्कळ. धुरात गंधकाचा अंश असला की तो हवेतल्या ओलीत मिसळून आम्ल होतो. आपल्या कारखान्यांत साखर पांढरी करायला गंधक जाळतात, त्या धुराजवळचे पत्रे आणि नळ्या किती लवकर कुरतडतात हे कामगारांना ठाऊक आहे. मीठ आणि आम्ल दोन्ही एकत्र आले की लोखंडाची खैर नाही.

प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे. जीपच्या ब्रेकच्या लोखंडी नळ्या चॅसीच्या कडेने जातात. नळी बाहेरून गंजत पातळ होते. सपाटीवर काही कळत नाही, पण भरलेली जीप कसारा घाट उतरताना जोरात पाय दाबला आणि नळी फुटली, तर पुढचे बोलायला नको. ट्रॉलीच्या हूकचे आणि दांडीच्या वेल्डिंगचेही तेच. ऊस भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा काय दोष?

तेव्हा जुनी गाडी घेताना ती उंचावर घ्या आणि बॅटरी लावून खालून बघा. हातोडीने चॅसी हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर सौदा तिथेच थांबवा. पाट्यांचे कान, यू-बोल्ट, पायाखालचा पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या हाताने चाचपा. तळाला नुकताच काळाकुळकुळीत डांबरी लेप दिलेला दिसला तर खूश होऊ नका. गंजावर लेप दिला की ओल आत कोंडली जाते; वरून लिंपण आणि आतून वाळवी, असा तो प्रकार.

असलेली गाडी राखायची तर क्रम साधा आहे. किनाऱ्याकडून आलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. ‘गोड्या’ हा शब्द महत्त्वाचा. क्षारपड भागातल्या बोअरचे पाणी मचूळ असेल तर त्याने धुणे म्हणजे रोगावर रोग. चॅसीची पाणी निघायची भोके चिखलाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. गाडी उन्हात पूर्ण सुकवा. गंज दिसेल तिथे तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासा, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग द्या. समुद्राजवळच राहणारी गाडी असेल तर जस्ताची पूड असलेला प्रायमर बरा. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. डांबरी लेप यानंतर, आधी नव्हे.

जळके ऑइल फासण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्याने काही दिवस गंज थोपतो, पण रबरी बुश आणि होजपाइप फुगतात, धूळ चिकटते आणि ठिबकलेले ऑइल शेवटी आपल्याच जमिनीत आणि विहिरीत जाते. त्यापेक्षा सांध्यांना ग्रीस लावा.

आणि ज्यांची गाडी कधी समुद्राकडे गेलीच नाही, त्यांनीही निर्धास्त राहू नये. आपण ट्रॉलीतून म्युरेट ऑफ पोटॅश वाहतो, ते मिठाचेच भावंड आहे. पोती फुटली, खत फळीखाली सांडले, त्यावर दव पडले, की तारापूर आपल्या गोठ्याशेजारीच आले म्हणायचे. खत उतरवल्यावर ट्रॉली झाडून धुवायला दोन बादल्या पाणी पुरे.

तोडणीचा कार्यक्रम लागण्याआधी एक सकाळ काढा. ट्रॉलीचा हूक, पिन आणि दांडीचे जोड घासून बघा. शंका आली तर वेल्डरला दाखवा, आणि पिन झिजली असेल तर ती सांभाळत न बसता नवी घाला. उसाचे पान उलटून बघायची आपल्याला सवय आहे. तीच नजर एकदा गाडीखाली घाला.